डाळीवरचा आळ

रक्ततपासणीच्या अहवालात युरिक ॲसिडचा आकडा ठळक छापून आला की मराठी घरात पहिली कुऱ्हाड डाळीवर पडते. तुरीचे वरण बंद होते, मग मटकीची उसळ, मग पालक, टोमॅटो, वांगी, फ्लॉवर. महिन्याभरात ताटात भात, पोळी, बटाटा आणि दुधीची भाजी एवढेच उरते. चहातली साखर मात्र जिथल्या तिथे राहते, शीतपेयाची बाटली किंवा बिअरचा ग्लास तसाच राहतो, आणि कमरेला टेप लावून घेर किती ते कुणी पाहत नाही. हा सल्ला शेजारी देतात, नातेवाईक देतात, फोनवर फिरणाऱ्या मजकुरात तो असतो, आणि पुष्कळदा दवाखान्यातून मिळणाऱ्या छापील आहारपत्रकातही असतो. तो सद्भावनेनेच दिलेला असतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमलेला पुरावा नीट वाचला तर या सल्ल्याने शिक्षा भलत्यालाच होते, असे म्हणावे लागते. प्रौढ माणसाचे वाढलेले युरिक ॲसिड बहुतेक वेळा वरणाच्या वाटीतून आलेले नसते. इन्शुलिन, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या आपसातल्या व्यवहारात काही बिघडले आहे, याची ती खूण असते. ती तशी वाचली तर उपाय बदलतात.

युरिक ॲसिड मुळात येते कुठून, इथून सुरुवात करायला हवी. आपल्या प्रत्येक पेशीत प्युरीन वर्गातली द्रव्ये असतात. डीएनए आणि आरएनए त्यांच्यापासून घडतात, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीही त्यांच्यापासूनच. पेशी जुन्या होतात, मोडतात, आणि त्यांतले प्युरीन झँथिन ऑक्सिडेज या विकरामुळे शेवटी युरिक ॲसिड बनते. हे काम मुख्यतः यकृतात चालते. रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश असे शरीरातलेच असते, अन्नातून येतो तो उरलेला एक तृतीयांश. म्हणूनच प्युरीन जवळजवळ नसलेले, पाळायला अतिशय कठीण असे पथ्य काटेकोर सांभाळले तरी रक्तातला आकडा जेमतेम १ मिलिग्रॅमने उतरतो. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिकेज नावाचे आणखी एक विकर असते आणि ते युरिक ॲसिडचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. आपल्या पूर्वजांनी ते सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी गमावले. त्यामुळे माणसाच्या रक्तात युरिक ॲसिडची पातळी मुळातच इतर प्राण्यांहून कितीतरी वरची आहे आणि स्फटिक होण्याच्या सीमेच्या अगदी जवळ आहे. शरीराच्या तापमानाला ही सीमा दर डेसिलिटर रक्तामागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम असते. तिच्यापुढे सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू शकतात, आणि त्यातूनच गाऊटचा तो मध्यरात्री अंगठा पेटवणारा झटका येतो.

तयार झालेल्या युरिक ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांतून बाहेर जाते, उरलेले आतड्यातून. मूत्रपिंड मात्र ते सरळ फेकून देत नाही. गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी जवळपास ९० टक्के ते पुन्हा रक्तात परत घेते. हे परत घेणारे एक महत्त्वाचे प्रथिन, युआरएटी-१, जपानी संशोधकांनी २००२ साली ओळखले, आणि तेव्हापासून या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बरीच बदलली. युरिक ॲसिड वाढलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांमध्ये दोष प्रामुख्याने उत्सर्जनात असतो. ते भरमसाट तयार करत नाहीत, पुरेसे बाहेर टाकत नाहीत. आवक थोडी कमी करून इथे फारसे साधत नाही. मूत्रपिंड ते धरून का ठेवते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे सर्वांत वजनदार उत्तर इन्शुलिन हे आहे. निरोगी माणसांना शिरेवाटे इन्शुलिन देऊन, साखर स्थिर ठेवून केलेल्या प्रयोगांत लघवीतून जाणारे युरिक ॲसिड आणि सोडियम दोन्ही घटलेले दिसले. १९९०च्या दशकातच ही गोष्ट प्रस्थापित झाली होती. ज्याच्या स्नायूंना आणि यकृताला इन्शुलिनची हाक नीट ऐकू येत नाही, त्याचे स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवत राहते. मूत्रपिंडाला मात्र हे वाढीव इन्शुलिन व्यवस्थित कळते, आणि ते युरिक ॲसिड व मीठ राखून ठेवते. म्हणूनच वाढलेले युरिक ॲसिड सहसा एकटे येत नाही. त्याच्यासोबत वाढलेला रक्तदाब असतो, ट्रायग्लिसराइड्स असतात, यकृतात साठलेली चरबी असते, उपाशीपोटीची साखर शंभरच्या पुढे सरकू लागलेली असते. चयापचयाचा हा एकत्र येणारा बिघाड पोटाच्या आतल्या चरबीशी घट्ट जोडलेला आहे, आणि नेमके तेच मोजायचे आपण टाळतो.

‘पण मी तर बारीक आहे’ हा आक्षेप इथे लगेच येतो, आणि भारतीय वाचकाच्या बाबतीत तो गांभीर्याने घ्यायला हवा. त्याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली आणि युडकिन यांची ९.१ टक्के. वजनाच्या काट्यावर सारख्याच दिसणाऱ्या दोन देहांत चरबीचा फरक दुपटीहून मोठा असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवले. स्नायू कमी, पोटात चरबी जास्त, अंगकाठी मात्र बारीक, अशी शरीरे आपल्याकडे सर्वत्र आहेत. म्हणून भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी युरोपीयांहून खाली धरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला, मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी असल्याचा अंदाज निघाला. राज्यांमध्ये मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात होते. या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळांच्या अहवालांत युरिक ॲसिडचे आकडे वर सरकलेले दिसत असतील तर डाळीवर संशय घेण्याचे कारणच उरत नाही. डाळ आपण शतकानुशतके खात आलो आहोत, आणि कमरेचा हा घेर मात्र अलीकडचा आहे.

साखरेचा मुद्दा थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण घरोघरच्या पथ्यात तो जवळजवळ कुठेच नसतो. साखरेचा प्रत्येक रेणू अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोज यकृतात पोचले की त्याच्यावर पहिली प्रक्रिया करणारे विकर थांबायचे नाव घेत नाही. ग्लुकोजच्या मार्गावर जसा लगाम असतो तसा इथे नसतो. या प्रक्रियेत एटीपी झपाट्याने खर्च होते, त्याचे अवशेष मोडत जातात आणि शेवटी युरिक ॲसिड बनते. म्हणजे ज्या पदार्थात प्युरीनचा कणही नाही, तो खाऊनही युरिक ॲसिड वाढते. फिनलंडच्या संशोधकांनी हे १९६७ सालीच दाखवून दिले होते. पुढे अमेरिकेत ४६ हजारांहून अधिक पुरुष आरोग्य-व्यावसायिकांचा बारा वर्षे मागोवा घेतला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसाला दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये पिणाऱ्यांना गाऊट होण्याची शक्यता महिन्यातून एखादेही न पिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ८५ टक्के अधिक आढळली. साखरेविना बनवलेल्या ‘डाएट’ पेयांशी मात्र असा संबंध दिसला नाही. परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून २०१० साली स्त्रियांबाबतही हाच निष्कर्ष आला. आता आपल्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर. शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम. उन्हाळ्यात रसवंतीवर घेतलेल्या उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात २५ ते ३० ग्रॅम सहज भरते. अशी वरून घातलेली किंवा रसातून आलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी आणि शक्य तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. गुळाने यात सुटका होत नाही. गूळ बहुतांशी तीच साखर आहे आणि यकृताला दोहोंतला फरक कळत नाही. अख्ख्या फळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत फ्रुक्टोज असते खरे, पण ते तंतूंसोबत, हळूहळू आणि थोड्या मात्रेत येते. फळाचा रस काढून ग्लासभर एका दमात प्यायला की तो जवळजवळ शीतपेयाच्याच रांगेत बसतो.

मद्याबद्दल मतभेद फारसा नाही, फक्त नेमकेपणा हवा. मद्य पचवताना शरीरात लॅक्टेट वाढते आणि ते मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही. शिवाय एटीपीचा ऱ्हास होतो, आणि बिअरमध्ये तर यीस्टमुळे स्वतःचे प्युरीनही असते. अमेरिकेतल्या त्याच पुरुषांच्या पाहणीत रोजच्या एका बिअरमागे गाऊटचा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी वाढला. कडक मद्याच्या एका पेल्यामागे तो १५ टक्क्यांनी वाढला, तर माफक वाइनशी स्पष्ट संबंध दिसला नाही. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे समजून ती पिणाऱ्या तरुणांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

आता खुद्द डाळीकडे वळू. प्युरीन सगळीकडे सारखेच, असे धरून यादी केली की कडधान्ये त्या यादीत येणारच. पण माणसांवरचा पुरावा यादीच्या विरुद्ध जातो. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७,१५० पुरुषांच्या बारा वर्षांच्या अभ्यासात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. सर्वाधिक मांस खाणाऱ्यांमध्ये धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांहून ४१ टक्के, सर्वाधिक मासळी व सागरी अन्न खाणाऱ्यांमध्ये ५१ टक्के अधिक होता. प्युरीन भरपूर असलेल्या भाज्या आणि कडधान्यांशी मात्र धोक्याचा संबंध नव्हता, आणि कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्याने तर धोका घटलेला दिसला. हे सगळे पाश्चात्त्य पुरुष, आपल्याशी त्यांचा काय संबंध, अशी शंका रास्त आहे. म्हणून सिंगापूरमधील चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास अधिक मोलाचा ठरतो. पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या त्या पाहणीत सोयाबीन आणि इतर कडधान्ये अधिक खाणाऱ्यांमध्ये गाऊट कमीच आढळला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पण छापील आहारपत्रके त्यानंतरही बदलली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. यात मात्रेचाही हिशेब आहे. एका वाटी वरणात कोरडी डाळ २५-३० ग्रॅम असते, तीही शिजून पाण्यात पसरलेली. कोंबडीच्या काळजात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक प्युरीन असते, आणि सुकवलेल्या बारीक मासळीत त्याहूनही पुष्कळ जास्त. वरण आणि काळीज एकाच ‘प्युरीनयुक्त पदार्थ’ या मथळ्याखाली छापणे हा आहारशास्त्रातला मोठा निष्काळजीपणा आहे.

याचा अर्थ कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने मासे सोडावेत असा मुळीच नाही. तारली, बांगडा, सुकट यांत प्युरीन खरोखर जास्त असते, आणि ज्याला गाऊटचे झटके येत आहेत त्याने ते आवरते घ्यावेत, काळीज-भेजा तर टाळावाच. पण युरिक ॲसिड थोडेसे वाढलेल्या, कधीही सांधा न सुजलेल्या माणसाचा बांगडा बंद करून त्याच जेवणानंतरचे गोड पेय चालू ठेवणे हा उलटा न्याय होईल. डाळ तोडल्याचा एक तोटा तर कुणी मोजतच नाही. शाकाहारी घरात प्रथिनांचा मुख्य आधार डाळ असते. ती गेली की तिची जागा भात, साबुदाणा, बटाटा, मैदा घेतात. साखर वाढते, ट्रायग्लिसराइड्स वाढतात, स्नायू झिजतात. युरिक ॲसिड ज्या बिघाडातून वाढले होते तो बिघाडच या पथ्याने बळावतो. फळे, भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणारा ‘डॅश’ आहार रक्तदाबासाठी तयार केला गेला. त्यात डाळी आहेत, पालक आहे, टोमॅटो आहे. या आहाराच्या चाचणीतले रक्ताचे नमुने नंतर युरिक ॲसिडसाठी तपासले तेव्हा सुरुवातीला ७ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळी असलेल्यांमध्ये ती १ मिलिग्रॅमहून अधिक उतरलेली दिसली. प्युरीन तोडण्याच्या कडक पथ्यानेही साधारण एवढाच उतार मिळतो. इथे तो कडधान्ये खाऊन मिळाला.

‘डाळ सोडली आणि युरिक ॲसिड उतरले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. पण त्याच महिन्यात त्यांनी आणखी काय काय केले तेही पाहावे लागते. अहवालाने घाबरलेला माणूस पाणी जास्त पितो, दारू कमी करतो, सकाळी चालायला लागतो, बाहेरचे खाणे टाळतो, दोन-तीन किलो उतरतो. श्रेय मात्र डाळीच्या त्यागाला जाते, कारण तोच त्याग रोज ताटात दिसतो. शिवाय युरिक ॲसिडचा आकडा दिवसागणिक थोडा हलतो. आदल्या रात्रीची मेजवानी, निर्जळी उपवास, उन्हातला प्रवास, जोरदार व्यायाम यांनी तो सहज वर जातो. असा वर गेलेला आकडा पुढच्या तपासणीत काहीही न करता खाली येण्याची शक्यता मोठी असते.

अधिक कठीण आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो, आणि तो टाळून हा युक्तिवाद पूर्ण होणार नाही. २०१८ साली ‘बीएमजे’मध्ये, अमेरिकेतील युरोपीय वंशाच्या १६,७६० माणसांच्या माहितीवर आधारित एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात कोणत्याही एका पदार्थाने किंवा आहारपद्धतीने माणसामाणसांतील युरिक ॲसिडच्या फरकाचा १ टक्काही उलगडला नाही, आणि जनुकांमधल्या सामान्य फरकांनी मात्र जवळपास २४ टक्के उलगडला. मग जीवनशैलीची एवढी चर्चा कशाला? या निष्कर्षाचा पहिला भाग डाळीवरचा आळ आणखी पुसतो, हे आधी नोंदवावे. पण दुसऱ्या भागातून ‘सगळे जनुकांत आहे’ असे निघत नाही. एकाच प्रकारचे खाणाऱ्या, एकाच प्रकारे बसून राहणाऱ्या समाजात माणसामाणसांत जो फरक उरतो तो साहजिकच जनुकांचा दिसणार, कारण बाकीचे सगळे त्यांना समानच लागू आहे. त्या समाजाचा संपूर्ण आलेखच वर का सरकला, याचे उत्तर अशा आकडेमोडीतून मिळत नाही. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत १९८९-९२ ते २००९-१० या सुमारे वीस वर्षांत नव्या गाऊट-रुग्णांचे प्रमाण दुप्पट झाले. वीस वर्षांत जनुके बदलत नाहीत. या रुग्णांमध्ये लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार मात्र आधीच्यांहून अधिक होते. दहा किलो किंवा अधिक वजन उतरवणाऱ्या पुरुषांमध्ये युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमपर्यंत येण्याची शक्यता वजन न बदलणाऱ्यांच्या जवळपास चौपट असल्याचेही अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीच्या माहितीतून दिसले. जनुके वारशाने मिळतात, पण त्यांच्यावर किती भार टाकायचा यात आपला हात असतो.

आणखी एक मोह औषधाचा. युरिक ॲसिड हाच शत्रू असेल तर गोळीने ते पाडावे आणि हृदय, मूत्रपिंड सगळे वाचवावे, हा विचार सरळ वाटतो. आपल्याकडे सांध्याची कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाला निव्वळ आकडा पाहून फेबुक्सोस्टॅट किंवा ॲलोप्युरिनॉल सुरू होताना दिसते ते याच विचाराने. या कल्पनेची परीक्षा झाली आहे. टाइप-१ मधुमेहींमध्ये आणि मूत्रपिंडाचा विकार बळावण्याचा धोका असलेल्यांमध्ये ॲलोप्युरिनॉलच्या दोन चाचण्यांचे निकाल २०२० साली आले. युरिक ॲसिड उतरले, मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या पण गाऊट नसलेल्या, साठीपुढच्या ५,७२१ रुग्णांची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिथेही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. डेन्मार्कमधील जनुकीय अभ्यासाने २०१३ सालीच दाखवले होते की जन्मतः जास्त युरिक ॲसिड असण्याने हृदयविकार वाढल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही, पण जन्मतः जाडीकडे कल असण्याने युरिक ॲसिड नक्की वाढते. कारण कोण आणि खूण कोण, हे यातून बऱ्यापैकी स्पष्ट होते. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली लक्षणे नसलेल्यांना सहसा औषध सुरू करू नये असा सल्ला दिला. ७ ते ८.९ मिलिग्रॅम पातळी असलेल्या पुरुषांपैकी वर्षाला सुमारे ०.५ टक्के जणांनाच गाऊट होतो, असे एका जुन्या, दीर्घ अभ्यासात आढळले होते. ९ च्या पुढे मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात जाते, तिथे सावधपणा हवा. आणि टाच किंवा गुडघा दुखतो म्हणून युरिक ॲसिड तपासून त्यालाच कारण ठरवणे तर बहुधा चुकीचेच असते.

इथे दुसऱ्या टोकालाही जाता कामा नये. ज्याला गाऊटचे झटके पुन्हा पुन्हा येतात, ज्याच्या बोटांवर, कानाच्या पाळीवर गाठी दिसू लागल्या आहेत, ज्याला युरिक ॲसिडचे मुतखडे होतात, त्याला औषधाची गरज आहे आणि ते दीर्घकाळ, पातळी ६ च्या खाली राहील इतक्या मात्रेत घ्यावे लागते. आहाराने एवढा उतार मिळत नाही. ॲलोप्युरिनॉल १९६६ सालापासून वापरात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ते दिले तर बहुतेकांना उत्तम मानवते, पुरळ उठले तर मात्र तत्काळ थांबवावे लागते. अशा रुग्णाला ‘तुम्हीच खाण्यावर ताबा ठेवत नाही’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. गाऊटवर खादाडपणाचा शिक्का फार जुन्या काळापासून बसलेला आहे. चरकसंहितेतही वातरक्त हे सुखासीन, फारसे न चालणाऱ्या माणसांचे दुखणे म्हणून वर्णिलेले आहे. त्यातले निरीक्षण मोलाचे आहे, पण निरीक्षणाचा दोषारोप झाला की रुग्ण लाजेने उपचार लांबवतो आणि सांधा कायमचा जातो. जीवनशैली हा शब्द मी वापरतो तेव्हा त्यात कामाच्या वेळा, दोन-दोन तासांचा बसचा प्रवास, चालायला पदपथ नसणे आणि पाण्याच्या बाटलीइतक्याच किमतीला मिळणारे गोड पेय हेही येते. या सगळ्याचा जाब एकट्या रुग्णाच्या इच्छाशक्तीकडे मागता येत नाही.

घाईने वजन उतरवण्याबद्दलही सांगायला हवे, कारण अहवालाने घाबरलेली माणसे बहुधा तिकडेच वळतात. कडक उपवासात आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ तोडणाऱ्या आहारात शरीर चरबी जाळून कीटोन तयार करते. हे कीटोन मूत्रपिंडात युरिक ॲसिडच्या वाटेत येतात, आणि आकडा खाली यायच्या ऐवजी काही काळ वर जातो, कुणाकुणाला तर पहिला झटका तेव्हाच येतो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर किलोभर, या गतीने आणि भरपूर पाणी पीत उतरलेले वजन टिकते आणि दुखतही नाही.

शेवटी ज्या गटावर डाळीच्या पथ्याचा सर्वाधिक अन्याय होतो त्याच्याकडे पाहावे. इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि पन्नाशी-साठीतल्या स्त्रियांचा आकडा वर सरकतो. याच वयात रक्तदाबाची गोळी सुरू होते, आणि ती थायझाइड प्रकारची, लघवी वाढवणारी असेल तर युरिक ॲसिड आणखी वाढते. हृदयासाठी दिलेल्या ॲस्पिरिनच्या छोट्या मात्रेनेही ते वाढते, आणि क्षयरोगावरच्या पायराझिनामाइडने तर बऱ्याच रुग्णांत लक्षणीय वाढते. अशा बाईने आहारपत्रक घेण्यापूर्वी आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर मांडावीत, आणि कमरेचा घेर, रक्तदाब, एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड्स व क्रिएटिनिन या पाच गोष्टी त्याच भेटीत पाहून घ्याव्यात. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. रक्तदाबासाठी लोसार्टन हा पर्याय आहे आणि तो युरिक ॲसिड थोडे उतरवतो. मधुमेह असेल तर ग्लिफ्लोझिन गटातली औषधेही ते उतरवतात. बदल करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण हा प्रश्न विचारायला तिला कुणीतरी सांगायला हवे.